पथ्य एकट्याचं, पातेलं सगळ्यांचं

शिकागोत आमच्या शेजारी एक मेक्सिकन कुटुंब आहे. आजोबांची अँजिओप्लास्टी झाली, दवाखान्यातून पथ्याचा कागद मिळाला. इंग्रजीत! आजीने तो फ्रिजवर चिकटवला आणि राजमा नेहमीसारखाच मांतेकात, म्हणजे डुकराच्या चरबीत, परतला. घरात खाणारी आठ तोंडं, पातेलं एक. म्हाताऱ्याचं वेगळं कोण रांधणार? मला आमचे काका आठवले. त्यांचं अळणी वरण वेगळ्या वाटीत असायचं आणि लोणच्याची बरणी हाताशी.

म्हणून माझं मत असं की हृदयाचं पथ्य रोग्याला नव्हे, घराला सांगावं. आणि तेही रोग यायच्या आधी. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगोत २००८ ते २०११ दरम्यान १६,४१५ हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या घराण्यांच्या, लोकांची तपासणी झाली. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, लठ्ठपणा, मधुमेह, धूम्रपान यांतला एक तरी धोका ८० टक्के पुरुषांत आणि ७१ टक्के बायकांत निघाला. त्यातही प्वेर्तो रिकोच्या लोकांची अवस्था जास्त वाईट. 'हिस्पॅनिक' हा एकच गठ्ठा नाही, हे इथल्या कित्येक डॉक्टरांनाही सांगावं लागतं. (आपल्याला 'इंडियन फूड' म्हणून पंजाबी वाढतात, तसंच.)

यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे प्रोमोतोरा. वस्तीतलीच बाई, आपल्या आशाताईंसारखी. ती स्पॅनिशमध्ये बोलते, स्वयंपाकघरात बसते, भांड्यात डोकावते. १९९० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या 'सालूद पारा सू कोरासोन' (म्हणजे 'तुमच्या हृदयासाठी आरोग्य') उपक्रमाने त्यांनाच हाताशी धरलं.

पण 'कुटुंबाने करावं' म्हटलं की ते बाईवर येऊन पडतं, हेही खरं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या १५ बालवाड्यांत हृदय जपायला शिकवणारा 'फामिलिया' नावाचा प्रयोग झाला, त्यात पालकही होते. तीन ते पाच वर्षांची पोरं भराभर शिकली. मोठ्यांत मात्र वर्षाअखेर एकूण फारसा फरक पडला नाही. ज्यांनी नेटाने भाग घेतला, त्यांनाच फायदा झाला. मला नवल वाटलं नाही. दोन-दोन पाळ्या करणारी माणसं वर्गाला बसणार कधी?

परवा शेजारी गेले तर शेगडीपाशी चक्क आजोबा. राजमा तेलात परतत होते. आजी खुर्चीत बसून ओरडत होती, "मीठ कमी!" आधी वाटलं, पथ्याची आठवण करतेय. मग कळलं, तिला चव कमी वाटत होती.