दोन वार चुकले म्हणून काहीही वाया गेलेलं नाही

आईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या चौकटींत व्यायाम झाला की पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा आहेत, मोजून अकरा. मग गौरी आल्या, माहेरवाशिणी आल्या, पुरणाचा घाट पडला आणि दोन चौकटी कोऱ्या राहिल्या. त्यापुढच्या सगळ्याच कोऱ्या आहेत. विचारलं तर म्हणाली, "अगं, मधेच खंड पडला ना. सगळं वाया गेलं. आता दसऱ्याला पहिल्यापासून धरते." ज्या कापडी पिशवीत ती तीन किलो तांदूळ भरून उचलायची, ती धुऊन घडी घालून ठेवली होती. तांदूळ परत डब्यात गेला होता.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते तिचा फोन पाहिल्यावर कळलं. आत्याने पाठवलेला, कुठून कुठून फिरत आलेला लांबलचक मेसेज. त्याचं सार असं: ताकदीचा व्यायाम २१ दिवस एकही दिवस न चुकवता केला तरच सवय लागते, एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पहिल्यापासून, व्यायाम मध्ये सोडला तर स्नायूंची चरबी होते, म्हणून जन्मभर जमणार नसेल तर सुरूच करू नका, पन्नाशीनंतर वजन उचलू नका, चालणं पुरे, जिमच्या यंत्रांशिवाय ताकद वाढत नाही, आणि अंग दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही. खाली हात जोडलेले आणि 'सर्वांना पाठवा'.

आत्याने तो काळजीनेच पाठवला, तिच्यावर राग नाही. राग मेसेजवर आहे. एकसष्ट वर्षांची, गुडघ्यापायी जिना टाळणारी बाई फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम चार आठवडे नेमाने करते आणि असल्या चार ओळी वाचून थांबते, हे मला सहन होत नाही.

आधी ते २१ दिवस, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्याला दिसलं आणि १९६० साली त्याने ते पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांच्या तोंडी त्यातला 'किमान' गळाला, 'साधारण' गळालं, चेहराही गळाला. उरला तो नुसता आकडा. त्याचा बैठकांशी काही संबंध नव्हता.

सवय खरंच कशी लागते हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. ९६ जणांनी एकेक नवी गोष्ट निवडली: जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, सकाळच्या कॉफीनंतर पोटाचे व्यायाम. १२ आठवडे रोज नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप हातून घडू लागायला लागलेला मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत हिशोब २५४ पर्यंत गेला. व्यायामाची सवय लागायला खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा सुमारे दीडपट वेळ गेला. आणि आईला मी जे वाचून दाखवलं ते हे: एखादी खेप चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली नाही. आधीचं जमा झालेलं जमाच राहिलं.

आता त्या मेसेजमधलं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते. त्याच अभ्यासात जे फारच अनियमित होते त्यांना सवय लागली नाही. नियमितपणा लागतोच. पण नियमितपणा म्हणजे अखंड व्रत नव्हे. आणि 'रोज' हा शब्दच इथे चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगितला आहे. आईला तीन वार दिले होते ते मधल्या दिवसांत स्नायूंना विसावा मिळावा म्हणून. मेसेजच्या हिशेबाने ती पहिल्याच आठवड्यात चार वेळा नापास झाली असती.

तिचा खंड का पडला हेही नीट पाहिलं तर दिसतं. सकाळचा कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीवरून उठबस, मग ओट्याला हात टेकून जोर, मग तांदळाची पिशवी, असा तिचा क्रम होता. कुकर हीच तिची आठवण होती. गौरींच्या दिवसांत कुकर काकूने लावला, खुर्च्या बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना गेल्या. आठवणच निघून गेली. यात आळस कुठे आहे? पाहुणे गेले, कुकर परत तिच्या हातात आला, तेव्हा व्यायामही आपसूक परत आला असता. तो अडवला या मेसेजने.

दुसरी गोष्ट स्नायूंची चरबी होण्याची. आमच्या कराडकडे, कोल्हापूरकडे ही पटकन पटते, कारण तालीम सुटलेले आणि पोट सुटलेले पैलवान सगळ्यांनी पाहिलेले असतात. डोळ्यांना दिसतं ते खोटं नाही, पण कारण वेगळं आहे. स्नायूंच्या पेशी वेगळ्या, चरबीच्या वेगळ्या. एकीची दुसरी होत नाही. जोर-बैठका थांबल्या की स्नायू आटतात. आणि दूध, तूप, बदाम, मटणाचा खुराक मात्र तसाच चालू राहिला की जास्तीचं चरबी म्हणून साठतं. दोन्ही एकाच वेळी होतं म्हणून एकाचं दुसरं झाल्यासारखं वाटतं. आई दोन भाकऱ्या खात होती, आजही दोनच खाते. पण 'सुरूच करू नका' हा सल्ला फार घातक आहे. वय वाढतं तसे स्नायू आपोआपच कमी होत जातात. काहीच न करणाऱ्या माणसाचंही नुकसान चालूच असतं.

पन्नाशीनंतर वजन नको म्हणणाऱ्यांसाठी १९९० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास सांगते. वृद्धांच्या निवासातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांनी आठ आठवडे, देखरेखीखाली, पायांसाठी चांगल्यापैकी जड व्यायाम केला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नंतर चार आठवडे थांबल्यावर ३२ टक्के ताकद गेली, तरीही ती सुरुवातीपेक्षा बरीच जास्त होती. नव्वदीच्या माणसांचं वाया गेलं नाही. चालणं हृदयासाठी उत्तमच आहे, ते सोडा असं कुणी म्हणत नाही. पण खुर्चीचा हात न धरता उठायला मांड्यांत जोर लागतो आणि तो नुसत्या चालण्याने पुरेसा येत नाही. सावधगिरी हवीच: रक्तदाब असेल तर उचलताना श्वास रोखायचा नाही, हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

जिमचं म्हणाल तर स्नायूला यंत्र कळत नाही, ओझं कळतं. तीन किलो हलके वाटले की चार भरायचे. अंग दुखण्याचंही तसंच: नव्या हालचालीने एक-दोन दिवस दुखतं, पुढे सरावाने कमी होतं, आणि सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर थांबायचं.

आईला मी इतकंच सांगितलं की दसऱ्याची वाट बघू नकोस, उद्या गुरुवार आहे. खंड पडल्यावर पहिले एक-दोन वार थोडं कमी करायचं, तीन फेऱ्यांऐवजी दोन, आणि मग पूर्ववत. दोन-तीन आठवड्यांत ताकद फारशी उतरत नाही, आणि जी उतरते ती पहिल्यापेक्षा लवकर परत येते.

गुरुवारी सकाळी फोन केला तर तिने स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. मागे कुकर चालू होता. ती मोजत होती, सात, आठ. दहा झाल्यावर धाप टाकत म्हणाली, "खुणेचं काय करू? बारावी म्हणू का पहिली?"

"बारावी," मी म्हटलं.