हिचे फेरे किती?

आज सकाळी शेजारच्या आप्पांनी माझा स्क्रू मला परत आणून दिला. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, कापसाच्या बोळ्यावर ठेवून. डबी हातात देताना म्हणाले, "वस्तू जपून वापराव्यात गं." हा स्क्रू मी रविवारी दोन तास शोधत होते आणि ते दोन्ही तास आप्पा टॉर्च घेऊन माझ्या डोक्याशी उभे होते. तो सापडला कुठे, ते पुढे सांगते. आत्ता सांगायला गेले तर माझं डोकं फिरेल आणि लेख राहील बाजूला.

झालं इतकंच की माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हातारी झाली. बटण दाबून जावं, केस विंचरून, वेणी घालून परत यावं, तेव्हा कुठे तो पासवर्ड मागायचा. फाइल उघडताना आतून कुणीतरी नखं घासल्यासारखा आवाज. म्हटलं, एसएसडी घेऊ, म्हणजे चिपवर साठवणारी नव्या जातीची डिस्क. यात कुणाचंच दुमत नव्हतं. दुमत सुरू झालं 'कुठली?' या प्रश्नापाशी, आणि तेही माझं माझ्याशीच.

एसएसडीच्या खोक्यावरचं एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही, एवढं कळायला मला चार रात्री लागल्या. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी, म्हणून ती २२८०. इथवर ठीक. पण हाच आकार, हीच लांबी, आणि एकीच्या अंगात साटा तर दुसरीच्या अंगात एनव्हीएमई, म्हणजे डेटा ने-आण करायच्या दोन वेगळ्या पद्धती. पहिली सेकंदाला फार तर साडेपाचशे एमबी वाचणार, दुसरी तीन हजार, पाच हजार, सात हजार, जसा तिचा वकूब. दिसायला जुळ्या बहिणी. ओळखायचं कसं, तर सोनेरी दातांमधली खाच एक आहे की दोन, ते बघून, आणि तेही बहुतेक वेळा. बरं, पट्टी ओळखली म्हणून भागत नाही. मदरबोर्डवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरचा, स्लॉट यातल्या कोणत्या बहिणीला घरात घेतो, ते पुस्तिकेच्या तळटीपेत असतं. त्याच्याच खाली आणखी बारीक अक्षरात असतं, की हा स्लॉट वापरलात तर साटाची अमुक दोन पोर्टं बंद पडतील. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांच्या घराच्या किल्ल्या मला एकदा बनवून द्यायच्या आहेत. चारही किल्ल्या हुबेहूब सारख्या, दार उघडणार एकीनेच, आणि कोणती ते तळटीपेत.

शेवटी थकून मी आकडा विकत घेतला. खोक्यावर ठळक ७,००० होतं. त्याच्या आधी 'अप टू' असं मुंगीच्या अक्षरात. 'पर्यंत' हा फार सोयीचा शब्द आहे. शून्य एमबीसुद्धा सात हजारांपर्यंतच असतात, कोर्टात जाऊन काही मिळायचं नाही.

रविवारी कॉम्प्युटरचं कॅबिनेट आडवं करून झाकण काढलं आणि नेमके तेव्हा आप्पा पेपर परत द्यायला आले. आप्पांचं सगळं आयुष्य लेथवर गेलं. बंद दाराबाहेरून मिक्सरचा आवाज ऐकून त्याचं बेअरिंग गेलंय हे सांगणारे गृहस्थ. उघडं कॅबिनेट दिसल्यावर ते परत जाणं शक्य नव्हतं. त्यांनी चपला काढल्या.

"हे काय?"

"नवी डिस्क."

त्यांनी पट्टी उलटसुलट केली. "डिस्क म्हणजे तबकडी. ही लांबट आहे."

"खरं नाव ड्राइव्ह आहे आप्पा. डिस्क आपण सवयीने म्हणतो."

"ड्राइव्ह? मग मोटर कुठाय? बेल्ट कुठाय?" मग एकदम कामाचा सूर लावत, "हिचे फेरे किती?"

"काय?"

"आरपीएम गं. जुनीचे किती होते?"

"७,२००."

"आणि हिचे?"

"शून्य."

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कणव होती. "शून्य फेरे म्हणजे मशीन बंद, बाळा. फसवलं तुला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चार रात्रींचं वाचन पोटात होतं, ते बाहेर यायला वाटच बघत होतं. मी सांगायला बसले. म्हटलं, आत अब्जावधी बारीक कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात थोडी वीज कोंडायची. किती कोंडली ते मोजलं की आत काय लिहिलंय ते कळतं. एका कप्प्यात तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, चार ठेवायचे तर सोळा.

"सोळा?" आप्पा ताठ झाले. "तेवढ्याच कप्प्यात? मग टॉलरन्स काय राहिला?"

टॉलरन्स म्हणजे चूक खपवून घ्यायची जागा. हा प्रश्न इतका बरोबर होता की मला राग आला. कारण सगळी मेख तिथेच आहे. सोळा पातळ्यांच्या क्यूएलसीत लिहायला वेळ लागतो आणि कप्पेही लवकर झिजतात. म्हणून कंपन्या ड्राइव्हचा एक भाग वेगवान कॅशसारखा, म्हणजे तात्पुरत्या साठ्यासारखा, वापरतात. पहिले काही जीबी झरझर जातात, कॅश भरली की काही स्वस्त ड्राइव्ह जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली येतात. हे समजायला मला दोन रात्री गेल्या होत्या, आणि आप्पांनी एका वाक्यात, तेही चुकून, ते पकडलं होतं. "म्हणूनच मी आठवाली घेतली," मी म्हटलं. ते खरं होतं, पण ऐकताना मलाच थाप वाटली.

"आणि लाइट गेले की?"

"कोंडलेली वीज तशीच राहते."

"बंद केल्यावरसुद्धा?"

"हो."

"मग हात कशाला लावतेस? शॉक बसेल."

मी विषय बदलायला इतिहासात शिरले. तोशिबात फुजिओ मासुओका नावाचे इंजिनिअर होते, फ्लॅश मेमरी, म्हणजे हे वीज कोंडणारे कप्पे, ही त्यांची कल्पना, आणि हा जो नँड प्रकार आहे तो १९८७ साली जगापुढे आला. आप्पांनी मनाशी हिशेब केला. "८७ साली मी लेथवर होतो," ते म्हणाले. "आम्हाला कुणी काही बोललं नाही."

"टिकेल किती?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे अगदी तयार होतं. ६०० टीबी लिहिण्याची ग्वाही आहे, रोज ४० जीबी लिहिलं तरी ४१ वर्षं होतात. वॉरंटी मात्र पाचच वर्षांची, दोन्हींपैकी जे आधी संपेल ते. आप्पा म्हणाले, "म्हणजे पाच. ४१ कशाला सांगतेस?"

मग त्यांनी स्वतःहून मदत करायचं ठरवलं. खिशातून फोन काढला, पुस्तकासारखं उघडणारं ते जाड कव्हर मागे दुमडलं आणि टॉर्च लावला. "एक मात्र लक्षात ठेव," कव्हरचा पालव माझ्या हातावर लोंबकळवत ते म्हणाले, "लोहचुंबक जवळपास आणायचा नाही. सगळं पुसलं जातं."

"तो जुन्या डिस्कचा नियम, आप्पा. तिच्यावर चुंबकानेच लिहितात. हिला चुंबकाचं काही नाही."

"चुंबकाचं सगळ्यांनाच असतं."

आता त्या स्क्रूबद्दल. ही पट्टी स्लॉटमध्ये तिरकी खुपसायची असते. खुपसली की ती तशीच शेपूट वर करून उभी राहते. मग ती बोटाने खाली दाबून धरायची आणि टोकाला असलेल्या पितळी खुंटीवर स्क्रू पिळायचा. स्क्रू दोन मिलिमीटर जाडीचा, तांदळाच्या दाण्याहून लहान. एक बोट पट्टीवर, एका हातात स्क्रूड्रायव्हर, आणि स्क्रू धरायला तिसरा हात जो देवाने दिलेला नाही. सेकंदाला ७,००० एमबी वाचणारी वस्तू बनवणाऱ्यांना ती खाली दाबून ठेवायला दुसरं काही सुचलं नाही. आता काही नव्या बोर्डांवर फिरवायची कडी आली आहे, माझा बोर्ड तिच्या आधीचा. ड्राइव्हच्या खोक्यात स्टिकर होता, सहा भाषांतलं सूचनापत्र होतं, स्क्रू नव्हता. तो म्हणे मदरबोर्डच्या खोक्यात येतो. मदरबोर्डचं खोकं चार वर्षं कोण ठेवतं? माझ्या नशिबाने खुंटीवर आधीपासून एक होता. तो एकुलता एक.

"टॉर्च जरा जवळ घ्या," मी म्हटलं. आप्पांनी फोन इतका जवळ आणला की मला फक्त फोनच दिसत होता. पट्टी बोटाखालून निसटली, उसळली, आणि 'टिक्' असा आवाज झाला. तो आम्ही दोघांनीही स्पष्ट ऐकला. जन्मभर आवाजावर जगलेल्या आप्पांनी क्षणात निर्णय दिला, "जमिनीवर. टेबलाच्या डाव्या पायापाशी."

दोन तास. डाव्या पायापाशी, मग उजव्या, मग गालिच्याखाली. सापडलं काय काय? दोन वर्षांपूर्वी हरवलेली कानातल्याची फिरकी, फोनचा सिम काढायची पिन आणि कधीच मेलेला एक कोळी. स्क्रू मदरबोर्डवर पडला असेल आणि वीज लावल्यावर शॉर्ट झाला तर, या धास्तीने मी सबंध कॅबिनेट उलटं करून हलवलं. आतून चार वर्षांची धूळ पडली. आप्पा टॉर्च फिरवत होते आणि सूचना देत होते. "केरसुणी नको, झाडलंस तर आणखी लांब जाईल." "गुडघ्यावर बस, उभ्याने दिसत नाही." स्वतः वाकले नाहीत, कंबरेमुळे. ते ठीकच, वयाचा मान आहे. पण "आमच्या वर्कशॉपमध्ये स्क्रू हरवला की त्या दिवसाची हजेरी कापायचे" हे सांगायची काही गरज होती का?

शेवटी मी इन्सुलेशन टेपची एक पट्टी फाडून ड्राइव्हची शेपूट खुंटीला चिकटवून टाकली. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं फार लागलं.

कॉम्प्युटर चालू केला. १ टीबीचे ९३१ जीबी दिसले. विकणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १,०२४ने, मधले गेले कुठे म्हणून विचारायचं नसतं. वेग मोजला तर साडेतीन हजार, कारण माझा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३चा. तळटीप होतीच. निम्मा आकडा घरी येईपर्यंतच गळला होता. उरलेल्या निम्म्याचंही ऐका. जुन्या डिस्कवरचे ३०० जीबी फोटो आणि व्हिडिओ इकडे आणायला घेतले, तर जुनी देणार सेकंदाला सव्वाशेच्या आसपास, आणि नवी नुसती हात पसरून बसलेली. रोजच्या वापरात तर कॉम्प्युटर चार-चार केबीचे तुकडे वेचत हिंडतो, इकडचा एक, तिकडचा एक. त्या कामात माझ्या या सातहजारीने ६८ एमबी दाखवले. जुनी तिथे एक एमबीसुद्धा गाठत नव्हती, हे मान्य. फरक दिसतो तो या ६८चाच. सात हजार खोक्यावरच राहिले.

तरी मी उत्साहाने आप्पांना दाखवलं. बंद केला, पुन्हा चालू केला. पंधरा सेकंद.

आप्पा कान लावून बसले होते. "आवाज नाही," ते म्हणाले. मग उठता उठता, "माझ्यात नातवाने मागे एक बसवून दिलीय. साधी, चौकोनी, वायर लावायची. मी चष्मा पुसतो, तेवढ्यात उघडतो."

साधी, चौकोनी, वायर लावायची. म्हणजे साटा. साडेपाचशेवाली. नंतर त्यांच्याकडे जाऊन मी घड्याळ लावून पाहिलं, इतकी खाली घसरले होते. सतरा सेकंद. चार रात्री, दोन तास आणि तो सगळा विकत घेतलेला आकडा, कशासाठी तर दोन सेकंदांसाठी. तेवढ्यात माझा चष्मासुद्धा पुसून होत नाही.

तर आज सकाळी. डबी माझ्या हातात देऊन आप्पांनी फोन काढला आणि ते कव्हर माझ्यापुढे दोन-तीनदा मिटून दाखवलं. टक्. टक्. "रविवारपासून नीट मिटत नव्हतं. म्हटलं तुझ्या त्या मशीनने काही केलं की काय. काल भिंग घेऊन पाहिलं."

कव्हर मिटलेलं राहावं म्हणून पालवाच्या कडेला एक चपटा चुंबक असतो. स्क्रू तिथे चिकटलेला होता. मी गालिच्याखाली हात घालत होते तेव्हा तो तिथेच होता. हजेरी कापल्याची गोष्ट चालू होती तेव्हाही, बहुधा माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर.

मी काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "सांगितलं होतं ना, चुंबकाचं सगळ्यांनाच असतं."

मी म्हटलं, राहू दे आता आप्पा, टेपने छान धरलंय, पुन्हा कशाला उघडायचं.

"टेप गरम झाली की सुटते," ते चपला घालत म्हणाले. "रविवारी येतो. फोन चार्ज करूनच आणतो."