मी ते खोकं उघडलं, आणि दुसरं मिळालं तर तेही उघडेन

आज दुपारी मंडळातले एक काका चहाला आले होते. माणूस प्रेमळ, आमच्या घरी यायला लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमधून तासभर गाडी हाकत आले. शेल्फवर माझी बीटनिक बँडिट दिसली, म्हणजे जुन्या किटचे सुटे प्लास्टिकचे भाग जोडून मी बांधलेली छोटी गाडी, हातात घेऊन कौतुक केलं, कुठून मिळाली विचारलं, मी सांगितलं. तर फोन काढून काहीतरी सर्च केलं आणि म्हणाले, "अगं, सीलबंद होतं आणि तू फोडलंस? वेड लागलंय का तुला? तसंच ठेवायचं ना, काय किंमत आली असती!" वयाने मोठे, त्यात पाहुणे, मी काही बोलले नाही, भजी पुढे केली. पण ते गेल्यापासून डोकं शांत होत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे कॅलिफोर्नियात एड रॉथ म्हणून एक अवलिया होता, मेवुडमध्ये त्याचं गॅरेज होतं. ओल्ड्समोबिल नावाच्या जुन्या अमेरिकन गाडीची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, कापून आखूड केली, वर प्लास्टरचा साचा, त्यावर फायबरग्लास, डोक्यावर काचेसारखा पारदर्शक घुमट, आणि स्टिअरिंगच्या जागी जॉयस्टिक! ती 1961 ची बीटनिक बँडिट. खरी गाडी आज नेवाडात रीनोच्या म्युझियममध्ये आहे. 1963 मध्ये रेव्हेल कंपनीने तिचं प्लास्टिकचं किट काढलं, आणि तुमच्यापैकी ज्यांनी पोरांना हॉट व्हील्स घेऊन दिल्यात त्यांना सांगते, 1968 च्या अगदी पहिल्या सोळा गाड्यांतही ती होती. रॉथला म्हणे प्रत्येक किटमागे एक सेंट मिळायचा. एक सेंट! तरी त्याची चांगली कमाई झाली, कारण लाखो पोरांनी ती विकत घेऊन, खोकी टराटरा फाडून, टेबलावर ग्लू सांडत बांधली. कपाटात ठेवायला कुणी घेतली नव्हती.

आता माझं खोकं. आमच्या दोन घरं पलीकडे एक एकटे म्हातारे गृहस्थ राहायचे. लेकीकडे राहायला निघाले तेव्हा गॅरेज रिकामं करत होते, मी नुसतीच मदतीला गेले होते. एका फळीवर हे खोकं, सील तसंच. लहानपणी त्यांनी दोन घेतली होती. एक घाईघाईत बांधली, सगळीकडे ग्लूचे डाग, मग मित्रांनी फटाके लावून उडवली. दुसरी ठेवून दिली, नीट बांधता यायला लागलं की बांधू म्हणून. नंतर नोकरी, संसार, आणि मग हात थरथरायला लागले. ते खोकं माझ्या हातात देऊन म्हणाले, "मला बांधून दाखव." विकून ये म्हणाले नाहीत, जपून ठेव म्हणाले नाहीत. काकांना हे सगळं सांगितलं होतं मी! तरी त्यांच्या डोक्यात आकडाच.

आणि जपून काय राहतं हो? मी त्यांच्यासमोरच, त्यांच्याच किचन टेबलवर खोकं उघडलं. आतला एक टायर त्या पारदर्शक घुमटावर टेकून बसला होता, इतकी वर्षं. टायर विनाइलचे असतात, ते मऊ राहावेत म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि घुमटाच्या प्लास्टिकला, पॉलिस्टायरीनला, खातं. घुमटावर टायरचं अख्खं कडं उमटलं होतं, नखाला लागेल इतकं खोल. डेकल, म्हणजे गाडीवर चिकटवायची छापील चित्रं, पिवळे पडलेले. बाहेरून सील शाबूत, आणि आत माल स्वतःलाच खात होता. आमच्या आजीची पैठणी अशीच ट्रंकेत घडीवर विरली, कुणाच्या अंगाला न लागता.

म्हाताऱ्यांचा चेहरा मी बघितलाय. ते बराच वेळ त्या कड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

म्हणून राग येतो मला. गोडाऊन भरून सीलबंद खोकी विकत घेणाऱ्या लोकांचा येतो, ज्यांना आतल्या गाडीला इंजिन कुठलं हेही माहीत नसतं. "इन्व्हेस्टमेंट" म्हणे. आपल्या लोकांना तर प्रत्येक गोष्टीत रिटर्न दिसायला लागलाय, घर घेतलं तर रिटर्न, पोराला तबला शिकवला तर कॉलेज ॲप्लिकेशन. एखादी गोष्ट हाताला आनंद देते म्हणून करावी, हे आपल्यात कुणाला समजावून सांगायची वेळ यावी?

बरं, मान्य, चार खोकी कुणीतरी न उघडता ठेवली म्हणूनच मूळ पार्ट काय होते, सूचनांचा कागद कसा होता ते आज कळतं. ठेवा चार. आणि हो, अटलांटिससारख्या कंपन्यांनी जुने साचे विकत घेऊन किट परत काढायला सुरुवात केलीये, तेव्हा बांधायचंच तर नवीन घे असंही कुणी म्हणेल. घेतेच की मी. पण ते खोकं त्यांनी मला बांधायला दिलं होतं, विषय संपला.

बांधताना काय मजा असते ते काकांना कसं सांगू. क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेल्या पार्टला ग्लू धरत नाही, जोडाच्या जागी ब्लेडने क्रोम हळूच खरवडायचं, खालचं प्लास्टिक दिसलं की मग चिकटवायचं. डेकल खिडकीच्या काचेला आतून टेपने लावून ठेवले, उन्हाने पिवळेपणा बराच उतरला. घुमटाला ओला वॉटर पेपर, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, दर वेळी घुमट आणखी धुरकट दिसतो आणि वाटतं वाट लावली आपण, आणि शेवटी पॉलिश फिरवलं की आतली सीट एकदम स्वच्छ दिसायला लागते. कडं पूर्ण गेलं नाही. प्रकाश तिरपा पडला की पुसटसं दिसतं. असू दे.

पूर्ण झाल्यावर त्यांच्या लेकीच्या घरी घेऊन गेले. त्यांनी घुमट काढला, जॉयस्टिक बघितला, परत बसवला, परत काढला. जेवण गार झालं. परत न्यायला सांगितली, म्हणाले माझ्या नातवंडांच्या तावडीत नको.

तर मंडळी, इथे अमेरिकेत असाल आणि एखाद्या गॅरेजमध्ये, इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) असं जुनं किट दिसलं, रॉथच्या गाडीचं असो, मोनोग्राम कंपनीचं असो, तर पहिली गोष्ट, खोकं उघडा आणि टायर वेगळ्या पिशवीत काढा. आजच काढा. आणि तुम्हाला बांधायला जमत नसेल तर मला द्या, मी बांधून परत देते, पैसे नकोत. ग्लू आणि रंग माझे. फक्त किंमत किती येईल ते मला विचारू नका.