दहा वाजता जाहिरात, अकराला गिऱ्हाईक

सिंहगड रोडवर तुमचं मॉड्युलर किचनचं दुकान आहे असं धरून चालू. दुसरा काही धंदा असला तरी बिघडत नाही, सल्ला तोच लागू पडतो. बोर्ड लावून झाला, पेपरातून पँफलेटं टाकून झाली. मग कुणीतरी सांगितलं, गूगलवर जाहिरात लावा, क्लिक होईल तेवढेच पैसे. तुम्ही लावली. आज सकाळी दहाला सुरू केली, आता साडेदहा झालेत आणि फोन अजून वाजलेला नाही. तुम्हाला फसवलं गेल्यासारखं वाटू लागलंय. अगदी योग्य वाटतंय.

जाहिरात लावणारा मुलगा सांगेल की सर, जाहिरात आधी तपासली जाते, बहुतेक वेळा त्यात कामकाजाचा एक दिवस जातो. नंतर पहिल्या दिवसापासून क्लिक येतील, आठवडाभरात थोड्याफार चौकश्या येतील, एक चौकशी कितीला पडते हे महिन्याभरात कळेल, आणि धंदा फायद्यात आहे की नाही हे किचनच्या बाबतीत दोन-तीन महिन्यांशिवाय कळायचं नाही. हे सगळं तो हळू आवाजात, नीट समजावून सांगेल. ऐकू नका. त्याला पगार महिन्याला मिळतो, म्हणून त्याचं कॅलेंडर महिन्याचं. तुमच्या गल्ल्याचा हिशोब रोज रात्री होतो.

तेव्हा वाट पाहायची नाही, कामाला लागायचं. पहिलं काम म्हणजे स्वतःच्या मोबाइलवर ‘मॉड्युलर किचन पुणे’ असं टाकून आपली जाहिरात दिसते का ते बघणं. दिसली की आनंद होतो, म्हणून परत बघायचं. जेवायच्या आधी एकदा, नंतर एकदा. चार-आठ दिवस असं केलंत की यंत्राला कळतं की हा माणूस रोज शोधतो पण क्लिक काही करत नाही, याला रस नसावा. आणि ते तुम्हाला जाहिरात दाखवणं थांबवू शकतं. तसं झालं की मुलाला फोन लावा: ‘अरे, जाहिरात बंद पडलीये! पैसे कसले घेतोस?’ जाहिरात दिसते की नाही हे न शोधता तपासायची सोय खात्यातच असते, पण ती वापरली तर ओरडायला कारण उरत नाही.

घरच्यांनाही सामील करून घ्या. जाहिरातीची लिंक नव्हे, नुसतं ‘गूगलवर शोधून बघा, आपलं नाव येतं’ एवढं कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. काकू शोधतील, भाचा शोधेल, मेहुणा तर प्रेमाने क्लिक करून आत जाऊन सगळे फोटो बघेल आणि अंगठा पाठवेल. समजा क्लिक पन्नास रुपयांना पडतो, तर दुपारपर्यंत सासरवाडीवर पाचशे रुपये खर्च झालेले असतील. बनावट क्लिक ओळखून त्यांचे पैसे न लावण्याची व्यवस्था गूगलकडे आहे, पण ती यंत्रांनी मारलेल्या आणि एकाच जागेवरून धडाधड पडणाऱ्या क्लिकसाठी. आपापल्या घरून, आपापल्या फोनवरून, मनापासून क्लिक करणारा मेहुणा पकडायला अजून तरी कुणाला जमलेलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्हाला एक धक्का बसेल. रोजचं बजेट ५०० ठेवलं होतं आणि एका दिवसात ९४० गेले! हा नियमच आहे. गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याचा हिशोब ३०.४ पटीच्या वर जात नाही, म्हणजे ५०० च्या हिशोबाने १५,२०० रुपये. ज्या दिवशी शोधणारे जास्त त्या दिवशी जास्त, इतर दिवशी कमी. पण नियम वाचणं हे गिऱ्हाइकाचं काम नाही. बजेट ताबडतोब २०० करा. दोन दिवस शांतता पसरली की ८०० करा. मग रविवार बंद. मग बोली (एका क्लिकला किती द्यायचे तो आकडा) लावायची पद्धत बदला, कारण साडूच्या ओळखीतल्या एकाने ती दुसरी चांगली असते म्हणून सांगितलंय.

इथे तो मुलगा जवळजवळ रडकुंडीला येऊन ‘लर्निंग’ असा शब्द उच्चारेल. यंत्र शिकत असतं, कोणाला जाहिरात दाखवली की फोन येतो हे चाचपत असतं, मोठा बदल केला की ते शिक्षण पुन्हा सुरू होतं, वगैरे. फेसबुक-इन्स्टाग्रामचं तर गणित उघडच आहे: एका जाहिरात-संचाला, म्हणजे एकाच बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्यात साधारण ५० निकाल (तुमच्या बाबतीत चौकश्या) मिळाले की शिक्षण पूर्ण झालं असं मानतात. आता तुमचं गणित करू. समजा एक चौकशी २०० रुपयांना पडते. ५० चौकश्यांना आठवड्याला १०,००० लागतील. तिथे तुम्ही दिलेत दिवसाला ३००, म्हणजे आठवड्याला २,१००, म्हणजे जेमतेम दहा चौकश्या. या वेगाने तुमचं यंत्र पहिलीतच बसून राहणार, त्याच्या नावापुढे ‘लर्निंग लिमिटेड’ असा शेरा लागणार. त्यातच ते ३०० तुम्ही पाच संचांत वाटा: कोथरूडला ६०, वाकडला ६०, बाणेर, हडपसर, खराडी. कोणावरही अन्याय नको. पाचही जण कायम पहिलीत.

आणि आगाऊ पैसे भरत असाल तर जीएसटीचंही जरा नवल करून घ्या. १०,००० भरले की १८ टक्के कर वजा जाऊन जाहिरातीला ८,४७५ च्या आसपास उरतात. ‘दीड हजार कुठे गेले?’ हा फोन मुलाला रात्री दहानंतर केला तर परिणाम चांगला होतो. सीएला करायचा नाही. तो जीएसटी नंबर खात्यात टाकला आहे का, असं विचारून विषय भरकटवतो.

मुहूर्ताकडे येऊ. किचनची जाहिरात पितृपंधरवड्यात सुरू करावी. यंत्राला सर्वपित्री अमावस्या कळत नाही. ते आपलं इमानेइतबारे दाखवत राहतं, लोकही क्लिक करत राहतात, डिझाइन बघतात, ट्रॉल्यांचे भाव बघतात, पण त्या पंधरा दिवसांत टोकन देणारा माणूस विरळा. पंधराव्या दिवशी तुम्ही हिशोब मांडा, ‘क्लिक १६०, ऑर्डर शून्य’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी जाहिरात बंद करा. दसऱ्याला लोक दुकानं हिंडतील तेव्हा तुमचा अनुभव पक्का झालेला असेल की ऑनलाइनवर काही होत नाही.

खरं तर किचनवाल्याला वेळ लागतो तो गूगलमुळे नाहीच. नऱ्ह्याला फ्लॅट घेतलेला माणूस आज क्लिक करतो, त्याचं पझेशन डिसेंबरात असतं. तो तीन दुकानांतून कोटेशन घेतो, ओळखीच्या सुताराला दाखवतो, सुतार म्हणतो ‘याच्या निम्म्यात करून देतो’, मग सासूबाई गावाहून येऊन सिंक खिडकीखालीच हवं म्हणतात आणि सगळं डिझाइन पहिल्यापासून. क्लिकपासून ऑर्डरपर्यंत दीड-दोन महिने सहज. आणि खात्यात क्लिकचं श्रेय मोजण्याची मुदत मुळात ठेवलेली असते ३० दिवसांची. ती ९० पर्यंत वाढवता येते, पण कशाला? एकतिसाव्या दिवशी आलेली ऑर्डर देवाची कृपा म्हणून लिहा, जाहिरात शून्यावर बरी दिसते.

आता जरा खोलात. खात्यात एक यादी मिळते, लोकांनी नेमकं काय टाइप केलं तेव्हा तुमची जाहिरात दिसली त्याची. ही यादी चुकूनही उघडू नका. उघडलीत तर असं काही दिसेल: ‘मॉड्युलर किचन जॉब पुणे’, ‘किचन ट्रॉली रिपेअर घरी येऊन’, ‘जुनी किचन ट्रॉली विकणे आहे’, ‘मॉड्युलर किचन कोर्स’, ‘लहान मुलांचा किचन सेट’, ‘किचनची दिशा वास्तू’. यातल्या प्रत्येकाला तुम्ही पैसे देऊन घरी बोलावलंत. जॉब, रिपेअर, जुनी, कोर्स, वास्तू हे शब्द नकोत असं सांगून ठेवायला पंधरा मिनिटं लागतात, आणि पहिल्या महिन्यात रिझल्ट येण्या-न येण्यातला बराचसा फरक त्या पंधरा मिनिटांत असतो. तशीच जागेची सेटिंग. तुम्ही पुणे निवडलं म्हणजे जाहिरात पुण्यातच दिसते असं नाही. सेटिंग बदलली नाही तर पुण्यात असलेले आणि पुण्यात ‘रस दाखवणारे’ असे दोन्ही धरलेले असतात. त्यामुळे इंदोरात बसून पुण्यातली किचनं बघणारा हौशी डिझायनरही तुमचा पाहुणा. राहू द्या. धंद्याची ख्याती चार राज्यांत पोचतेय.

आणि समजा, इतकं सगळं करूनही एखादी चौकशी आलीच, तर तिचं काय करायचं? रविवारी रात्री साडेअकराला धायरीच्या एका बाईंनी फॉर्म भरला. एल-शेप, दहा बाय आठ, फ्रीजला जागा हवी, फोन सकाळी करा. हा फॉर्म दुकानाच्या ज्या ईमेलवर गेला, तो उघडणारा मुलगा गुढीपाडव्याला काम सोडून गेला. सोमवारी दुकानाला सुट्टी. मंगळवारी पासवर्ड शोधण्यात गेला. बुधवारी दुपारी दीडला, ऐन जेवणाच्या वेळी, तुमच्या माणसाने स्वतःच्या नंबरवरून फोन लावला.

‘हॅलो, तुम्ही फॉर्म भरला होता ना?’

‘कसला फॉर्म? कोण बोलतंय?’

‘किचनचा.’

‘अहो, आमचं काल ठरलं.’

वहीत नोंद झाली: लीड बोगस. महिनाअखेरीस अशा अकरा नोंदी जमा झाल्या की त्या मुलाला बोलावून वही त्याच्यापुढे आपटायची. क्वालिटी काय आहे बघ म्हणावं!

झटपट रिझल्टच हवा असेल तर मात्र एक हमखास उपाय आहे. स्वतःच्या दुकानाच्या नावावर बोली लावा. जो माणूस तुमचंच नाव टाइप करून शोधतोय, त्याला वरच्या ओळीत तुमची जाहिरात दाखवा. तो क्लिक करणार, फोनही करणार, दोन दिवसांत आलेख आकाशाला भिडणार. तो तसाही येणारच होता, ही गोष्ट आलेखात दिसत नाही. ईबे या ऑनलाइन बाजाराने २०१२ साली याहू आणि एमएसएन या शोधयंत्रांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तर गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आत आले. ईबेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर शोधनिबंधही लिहिला. शेजारचा दुकानदार तुमच्या नावावर बोली लावून बसला असेल तर हिशोब वेगळा होतो म्हणतात, पण त्या खोलात शिरलात तर आलेखाची मजा जाते.

बोलीवरून आठवलं. क्लिकसाठी लिलाव ही कल्पना चालवून दाखवली १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने, आणि तिथे कोणी किती बोली लावली तो आकडा शोधणाऱ्यालाही दिसायचा. गूगलने २००० च्या ऑक्टोबरात ३५० जाहिरातदारांपासून सुरुवात केली आणि पुढे लिलावात जाहिरातीचा दर्जाही धरायला लागलं. म्हणजे जाहिरात नेमकी, क्लिकनंतर उघडणारं पान कामाचं, तर कमी बोलीतही वरची जागा मिळू शकते. तुमचं पान उघडायला नऊ सेकंद लागतात, उघडल्यावर आधी गणपती, मग ‘सुस्वागतम’, मग संस्थापकांचे फोटो, आणि फोन नंबर सगळ्यात खाली, चित्रात, ज्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. यात काहीही बदलू नका. संस्थापकांना वाईट वाटेल.

एवढ्या सगळ्यातून वाट काढत एखादं जोडपं खरंच दुकानात येतं. त्यांनी महिन्यापूर्वी जाहिरात पाहिली, दोनदा साइटवर जाऊन आले, नकाशावर रस्ता बघून आले. तुम्ही विचारता, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ नवरा म्हणतो, ‘भावजींनी सांगितलं.’ भावजींनी सांगितलं ते ‘जाऊन तर बघ’ एवढंच, पण वहीत भावजींच्या नावाने खूण होते. त्यांना दिवाळीला मिठाईचा बॉक्सही जातो.

साधारण अडीच महिने झाले की गोष्टी हाताशी येऊ लागतात. नको ते शब्द मुलाने तुमच्या नकळत काढून टाकलेले असतात, कुठल्या भागातून खरी गिऱ्हाइकं येतात ते दिसू लागतं, चौकशीचा भाव उतरू लागतो. एजन्सी बदलायची योग्य वेळ हीच. खातं अर्थातच जुन्या मुलाच्या ईमेलवर उघडलेलं असणार, कारण सुरुवातीला ‘तूच बघ रे सगळं’ म्हणाला होतात. भांडणात तो ते देणार नाही, तुम्हीही मागणार नाही. नवा मुलगा नवं खातं उघडेल, जुन्या कामाचे तुम्ही दाखवलेले दोन स्क्रीनशॉट बघून मान हलवेल आणि म्हणेल, ‘सर, मुळात स्ट्रक्चरच चुकलं होतं. आपण फ्रेश स्टार्ट करू. तीन महिने द्या.’

त्याला पंधरा दिवस द्या. भाद्रपद लागतोच आहे.