पाम बीचवरचा 60 चा बोर्ड

"एवढा मोठा सहापदरी रस्ता बांधायचा आणि वर 60 चा बोर्ड लावायचा, हा नुसता चलान काढायचा धंदा आहे." नवी मुंबईतल्या पाम बीच रोडचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. तक्रारीत तथ्य आहे, पण ते 60 या आकड्यात नाही.

आधी हिशोब करू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, तेही मोबाईल खिशात असेल तर. तेवढ्यात गाडी 25 मीटर पुढे गेली, वेग तोच. मग कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर थांबायला आणखी 20 मीटर. एकूण 45. हाच हिशोब 80 ला केला तर 69 मीटर. म्हणजे 60 वाला जिथे पूर्ण थांबलेला असतो, तिथून 80 वाला अजून 65 च्या वेगाने जात असतो! आणि 40 वाला? तो 26 मीटरमध्ये थांबतो. त्या अंतरावर कुणी रस्त्यात उतरलं, तर 60 वाल्याचा ब्रेक जेमतेम लागलेला असतो. जुलैत ओल्या रस्त्यावर ब्रेकनंतरचं अंतर सहज दीडपट होतं.

बदल्यात मिळतं काय? वाशी ते बेलापूर दहा किलोमीटर धरले तर 60 ने दहा मिनिटं, 80 ने साडेसात. ही अडीच मिनिटं वाटेतलं मोराज सर्कल आणि अक्षरचा सिग्नल मिळून खाऊन टाकतात.

60 हा आकडा हवेतूनही आलेला नाही. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला कमाल 70 आणि मोटरसायकलला 60 ठेवले होते. राज्य त्याहून कमी ठेवू शकतं. घोळ गाडीतल्या बीपने वाढवलाय. जुलै 2019 पासूनच्या नव्या कार 80 ओलांडल्यावर वाजतात, त्यामुळे 79 म्हणजे चालतंय असा अनेकांचा समज झालाय.

आता तक्रारीतलं तथ्य. ड्रायव्हर बोर्डापेक्षा रस्ता वाचतो. रुंद लेन, सरळ पट्टा, एका बाजूला खारफुटी, मध्ये दुभाजक. असा रस्ता 90 ला बोलावतो आणि खांबावरचा बोर्ड 60 म्हणतो. अशा भांडणात बोर्ड हरणारच. मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या अटल सेतू या समुद्रावरच्या पुलावर हे अजून स्पष्ट दिसतं. पुलावर 100, उतरताना 40. बारा-तेरा मिनिटं 100 ने चालवल्यावर 60 सुद्धा रांगल्यासारखं वाटतं, त्यामुळे माणूस काटा न बघता 'पुरेसा हळू' होतो आणि वळणात 65 ने शिरतो. आरामात ब्रेक मारत 100 वरून 40 वर यायला दोनशेहून जास्त मीटर लागतात. म्हणून 80, 60, 40 असे टप्प्याने बोर्ड हवेत, आणि सोबत डांबरावर कडकडणाऱ्या आडव्या पट्ट्या.

ठाण्याच्या घोडबंदर रोडची गोष्ट उलटी. दिवसा तिथे 60 गाठून दाखवा, सत्कार करू. धोका रात्री उशिरा, कंटेनर सुटल्यावर. मानपाडा, कासारवडवलीला बसमधून उतरलेला माणूस पलीकडे जाणारच, आणि सर्व्हिस रोडवरची बाइक मुख्य रस्त्यात घुसणारच. अशा ठिकाणी 40 सुद्धा जास्त आहे, मग पदर कितीही असोत.

त्यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे स्पीड ब्रेकर, तोही चुकीचा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, ताशी 25 ने आरामात ओलांडता येईल असा. आपल्याकडे सोसायटीसमोर डांबराचा हातभर उंचवटा घालतात. कारचं पोट घासतं, आणि बाइकवाला गटाराच्या कडेच्या फटीतून, म्हणजे नेमका पायी चालणाऱ्याच्या अंगावरून, वेग कमी न करता निघतो.

एका खांबावरच्या कॅमेऱ्याचंही तेच. शंभर मीटर आधी ब्रेक, शंभर मीटर पुढे अॅक्सिलरेटर. मागचा बेसावध असेल तर तिथेच ठोकतो. दोन टोकांना नंबरप्लेट टिपून मधल्या वेळेवरून सरासरी वेग काढला, तर ही नौटंकी संपते. अटल सेतू त्यासाठी अगदी योग्य. मध्ये सिग्नल नाही, चहाची टपरी नाही.

आणि बोर्ड दिसायला तर हवा. त्याच्यासमोर वाढलेली फांदी छाटा, खांबाला बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवा. चलान त्यानंतर काढा.