जखमी जवानाला समदुःखी सोबती कशाला, या प्रश्नाचे उत्तर

कारगिल विजय दिन जवळ आला की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. युद्धात जखमी झालेल्या जवानांसाठी चालणारे सोबती-गट, म्हणजे तशाच इजेतून सावरलेल्या जुन्या जवानाने नव्याला साथ देणे, ही परदेशी टूम आहे, शिपाई मुळातच कणखर असतो, त्याला डॉक्टर पुरेसे आहेत, चार जखमी एकत्र बसले की दुःखच उगाळतात, आणि द्यायचेच तर त्याला चांगला कृत्रिम पाय व पेन्शन द्या, असा त्याचा आशय असतो. लिहिणाऱ्याला जवानांविषयी आदर आहे, यात मला शंका नाही. तरीही हा संदेश ज्यांच्या कौतुकासाठी लिहिला आहे त्यांचेच नुकसान करतो.

कणखरपणाचा दाखला म्हणून त्यात मेजर जनरल इयान कार्डोझो यांचे नाव येते. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याने १९७१ च्या युद्धात सुरुंगाने चिरडलेला स्वतःचा पाय खुकरीने छाटला आणि पुढे पलटणीचे नेतृत्व केले, हे खरे आहे. परंतु कणखरपणा म्हणजे एकट्याने सोसणे, असे सैन्य शिकवत नाही. तिथे जवानाला ‘बडी’ असतो आणि दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचे असते. जखमी होऊन रुग्णालयात आल्यावर हीच जोडी तुटते. कारगिलमध्ये जखमी होऊन पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग कृत्रिम पायावर लांब पल्ल्याच्या शर्यती धावले, आणि २०११ मध्ये अवयव गमावलेल्यांसाठी ‘द चॅलेंजिंग वन्स’ हा आधारगट त्यांनीच उभा केला. त्यांना कणखरपणाची उणीव होती, असे कोण म्हणेल?

‘डॉक्टर पुरेसे आहेत’ या मुद्द्यावर मला सविस्तर बोलायचे आहे. माझ्या मामांचा पाय १९७१ मध्ये सुरुंगाने गुडघ्याखाली गेला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पुण्यात कृत्रिम पायही बसला, आणि ते लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर परतले. तिथे अरुंद लाकडी जिना होता, व्हरांड्याच्या टोकाला सामाईक संडास होता, त्यात उकिडवे बसावे लागे आणि पावसाळ्यात लाद्या निसरड्या होत. रात्री तिकडे जावे लागू नये म्हणून ते संध्याकाळचे जेवण टाळत, हे आजीला कित्येक महिन्यांनी कळले. ही गोष्ट त्यांनी कोणत्याही डॉक्टरला विचारली नव्हती, कारण ती डॉक्टरला विचारण्यासारखी त्यांना वाटलीच नव्हती. मग परळहून एक वडीलधारे माजी सैनिक आले, ज्यांचा पाय १९६५ च्या युद्धात गेला होता. त्यांनी आपली विजार वर केली आणि भार कोणत्या पायावर घ्यायचा, भिंतीत हाताला धरायला कडी कुठे ठोकायची, हे तिथेच करून दाखवले. जिना चढताना धड पाय आधी आणि उतरताना कृत्रिम पाय आधी, हा नियम मामांना आधीच शिकवलेला होता. तो स्वतः पाळणारा माणूस त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पाहिला. उरलेला भाग हळूहळू आकसतो, म्हणून सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, सैल झाले की आत आणखी एक मोजा चढवावा, आणि नसलेल्या पायाची बोटे ठणकतात त्याला वेड म्हणत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. मामा त्यावर रडले, असे आई सांगते. डॉक्टरांचे काम कुठेही कमी नव्हते. हे काम वेगळे होते.

दुःख उगाळण्याच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. नुकतेच जखमी झालेले दोघे कोणत्याही मार्गदर्शनाविना एकत्र सोडले तर ते एकमेकांना खाली ओढू शकतात. म्हणूनच नीट चालणाऱ्या उपक्रमात सोबती निवडून आणि शिकवून घेतला जातो: त्याची स्वतःची घडी बसलेली असावी लागते, इजा, वय आणि घरची परिस्थिती शक्य तितकी जुळवली जाते, औषधांविषयी तो सल्ला देत नाही, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कानावर आले तर ते गुपित न ठेवता तत्काळ डॉक्टरांना कळवतो.

परदेशी टूम म्हणावे, तर जायबंदी सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीची शाळा १९१७ मध्ये याच मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला गेली. त्याच खडकीत १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, जिथे नव्याने आलेला जवान चाकाच्या खुर्चीवरचे जुने सोबती रोज पाहतो.

राहिले पाय आणि पेन्शन. ती दोन्ही वेळेवर आणि पूर्ण मिळालीच पाहिजेत, आणि सोबत्याची मागणी करणाऱ्या कोणीही त्यांच्या बदल्यात सोबती मागितलेला नाही. शिवाय सोबत फक्त नव्या जखमीला मिळते, हा समजही चुकीचा आहे. पेन्शन सुरू होऊनही मामा दोन वर्षे चाळीच्या फाटकाबाहेर फारसे पडत नव्हते. परळच्या त्या गृहस्थांनी एका पाय गमावलेल्या तरुण जवानाला भेटायला चला म्हणून बोलावले, तेव्हा ते इस्त्रीची विजार घालून, एकटे, लोकलने गेले.