आलेखावरून कलन शिकवणं म्हणजे गणित टाळणं नव्हे

गणित शिकवणाऱ्यांमध्ये एक मत वरचेवर पुढे पाठवलं जातं: ‘आर’सारख्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरवर आलेख दाखवून कलन (कॅल्क्युलस) शिकवू नये. कारणं तीन. चित्रामुळे लिमिट, म्हणजे एखादी किंमत ज्या संख्येच्या हवी तितकी जवळ जाते ती संख्या, समजल्याचा नुसता भास होतो. हे सॉफ्टवेअर कलनासाठी नाहीच. आणि नियम हातात बसल्याशिवाय आलेखाला अर्थ नाही. मला यातलं एकही पटत नाही, पहिलं तर अजिबात नाही.

भास होतो तो तयार चित्र पडद्यावर टाकल्यावर. आकडे विद्यार्थ्यालाच घालू द्या. क्ष² च्या वक्रावर क्ष = 1 पासून 0.1 अंतरावर दुसरा बिंदू घेतला, तर दोन्ही बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ 2.1 येतो; 0.01 वर 2.01, 0.001 वर 2.001. रेषा स्पर्शिकेकडे सरकताना दिसते. आता अंतर इतकं कमी करायला सांगा की दशांशचिन्हानंतर 15 शून्यं आणि मग 1. उत्तर येतं थेट 0! संगणक ठरावीक अंकांपर्यंतच संख्या साठवतो, म्हणून 1 मध्ये ते इवलंसं अंतर मिळवूनही त्याच्या लेखी 1 च राहतो. ‘लिमिट म्हणजे खूप लहान संख्या घालून बघणं’ हा गैरसमज इथे जागच्या जागी मोडतो. मग कागदावर बीजगणित करायचं: चढ म्हणजे 2 अधिक ते अंतर; अंतर शून्याकडे नेलं की चढ 2 कडे जातो. ही आकडेमोड कशासाठी, हे आता वेगळं सांगावं लागत नाही.

आलेख फसवतो, हे मान्य. ‘आर’मधली आलेख काढायची ‘कर्व्ह’ ही आज्ञा, वेगळं सांगितलं नाही तर, 101 बिंदू घेऊन ते रेषांनी जोडते. साइन(1/क्ष) चा आलेख काढा, शून्याजवळची शिखरं प्रत्यक्षात सारख्याच उंचीची असूनही कमी-जास्त उंचीची दिसतील. बिंदू वाढवले की चित्रच बदलतं. आलेख ही सिद्धता नव्हे, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हे सॉफ्टवेअर कलनासाठी नाही, या दुसऱ्या मुद्द्यावर फार बोलायला नको; संख्याशास्त्रातच कलन आहे. सामान्य वितरणाचा (नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा) घंटाकार वक्र हा संचयी वक्राच्या, म्हणजे प्रत्येक किमतीपर्यंतची एकूण संभाव्यता दाखवणाऱ्या वक्राच्या, चढाचाच आलेख असतो. दोन्ही एकाखाली एक काढले की डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा प्रत्येक बिंदूवरचा चढ, समोर दिसतो: संचयी वक्र जिथे सर्वांत उभा, तिथेच घंटेचा माथा.

राहिला ‘आधी नियम’चा आग्रह. याच घंटेखाली, सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलनापर्यंतचं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) क्षेत्रफळ, म्हणजे संकलन, काढायचं आहे. नेहमीच्या फलनांत याचं संकलनसूत्र लिहिताच येत नाही, त्यामुळे पाठ केलेले नियम इथे थांबतात. आयत मात्र थांबत नाहीत. प्रमाण विचलन 1 धरून 0.5 रुंदीचे चार आयत घ्या, प्रत्येकाची उंची त्याच्या मध्यावरची: बेरीज 0.688. ‘आर’ची क्षेत्रफळ काढणारी ‘इंटिग्रेट’ ही आज्ञा देते 0.683. आयत आठ केले की फरक आणखी घटतो, आणि संकलन म्हणजे काय ते विद्यार्थ्याने एकही सूत्र न वापरता स्वतः करून पाहिलेलं असतं.